रक्षणाचा कायदा आणि ज्ञानाचे स्वयंसेवक



कायद्याचा हेतू कितीही उदात्त असला, तरी त्याचा भार अखेर कोणाच्या शिरावर पडतो, हे पाहणे अगत्याचे असते. ब्रिटनचा ‘ऑनलाइन सुरक्षा कायदा’ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

२०१७ साली मॉली रसेल या १४ वर्षांच्या मुलीने आपले जीवन संपविले. समाजमाध्यमांवरील घातक मजकुराचा तिच्या मृत्यूस हातभार लागला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत निघाला. अशा घटनांनी लोकमत प्रक्षुब्ध झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये हा कायदा संमत झाला. उल्लंघनास १ कोटी ८० लाख पौंड किंवा जागतिक महसुलाच्या १० टक्के, यांपैकी मोठ्या रकमेपर्यंत दंड आहे. मुलांचे रक्षण व्हावे, याविषयी दुमत नाही.

प्रश्न आहे तो वर्गवारीचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये लागू झालेल्या नियमांनी सर्वांत कठोर अशा ‘पहिल्या वर्गा’साठी वापरकर्त्यांची संख्या आणि संकेतस्थळाची तांत्रिक रचना हे निकष ठरविले. परिणामी जाहिराती न घेणारा, देणग्यांवर चालणारा आणि स्वयंसेवकांनी घडविलेला विकिपीडियाही त्यात ओढला जाण्याची शक्यता निर्माण झाली. वास्तविक गर्दी बाजारातही असते आणि वारीतही. म्हणून दोहोंना एकच नियम लावता येत नाही.

या वर्गातील संकेतस्थळांनी वापरकर्त्याला, ओळख न पडताळलेल्यांना दूर ठेवण्याची सोय द्यावी लागते. विकिपीडियावर लेख कोणा एकाचा नसतो. तेथे ही सोय दिल्यास असत्य लिहिणाराच ते दुरुस्त करणाऱ्याची वाट अडवू शकेल. ते टाळण्यासाठी सर्वांचीच ओळख पडताळावी, तर टोपणनावाने लिहिणाऱ्यांचे काय? दडपशाहीच्या देशांत नाव उघड होणे म्हणजे तुरुंगाला निमंत्रण!

विकिमीडिया फाउंडेशनने या नियमांना लंडनच्या उच्च न्यायालयात आव्हान दिले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी न्या. जेरेमी जॉन्सन यांनी ते फेटाळले. मात्र, विकिपीडियाच्या कार्यात मोठा अडथळा आणण्याची मुभा या निकालाने सरकारला वा ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेला मिळत नाही, असेही त्यांनी बजावले.

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही अशाच निःस्वार्थ हातांनी उभा राहिला आहे. दुर्जनांना आवर घालताना सज्जनांचे हात बांधले जाऊ नयेत, एवढे भान प्रत्येक देशाच्या कायदेमंडळाने राखावयास हवे. ज्ञानदानाचे व्रत भयाच्या छायेत फार काळ टिकत नाही.