एका विद्येत खोल, अनेक विद्यांत डोळस



दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलाने एका विषयात पारंगत व्हावे, की चार विषयांचे थोडे थोडे शिकून घ्यावे? या प्रश्नाचा विचार करताना दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र उद्बोधक ठरते.

१९०७ साली गोव्यात जन्मलेले कोसंबी मूळचे गणिती. १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले. बनारस, अलीगढ आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणितच शिकविले. संख्याशास्त्राचा अभ्यास करताना त्यांनी प्राचीन आहत नाण्यांचा प्रश्न हाती घेतला. नाणे हातोहात फिरते तसे झिजते; जितका काळ चलनात, तितके वजन कमी. हजारो नाणी काटेकोरपणे तोलून, गटागटांच्या वजनांवरून त्यांचा कालक्रम लावण्याची रीत त्यांनी बसविली. नाणकशास्त्राचे जाणकार होते, गणितज्ञही होते. परंतु दोन्ही हाताशी असल्यावाचून तराजू घेऊन बसण्याचे कोणाला सुचणार?

नाण्यांवरून प्रश्न आला तो ती पाडणाऱ्यांचा, त्यांच्या समाजाचा. त्यासाठी संस्कृत हवे होते. ते त्यांनी वरवर शिकून भागविले नाही. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली सिद्ध केली. १९५६ च्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनाला नवे वळण दिले. जनुकांमधील अंतर मोजण्याचे त्यांचे १९४४ चे सूत्र तर पिकांवर संशोधन करणारे आजही वापरतात. (आजकालच्या प्रशस्तिपत्रांच्या जाड फायली पाहताना हा क्रम आठवावा: आधी एका विद्येत बैठक, मग तिच्याच गरजेने दुसरी.)

या विस्ताराची किंमतही त्यांना मोजावी लागली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९४५ पासून होते. पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करीत. इतिहासात रमलेला गणिती सहकाऱ्यांना रुचतोच असे नाही. त्यातच रीमानच्या गृहीतकाची १९५९ साली त्यांनी मांडलेली सिद्धता गणितज्ञांच्या कसोटीस उतरली नाही. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे वाढविला नाही.

लेखन मात्र चालूच राहिले. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले.