उतारावर गिअर काढू नका
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या आधी डॉक्टर बोलले, प्राध्यापक बोलले. मी ऊस ओढणारा माणूस. संयोजक म्हणाले, तुझ्या धंद्यातलं सांग. आपल्यातल्या बऱ्याच घरांत ट्रॅक्टर आहे आणि त्यावर आता आपली पोरं बसतात, म्हणून सांगतो.

ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन-सव्वादोन टन. मागं दोन ट्रॉल्या, त्यांत पंधरा-वीस टन ऊस. ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना. ट्रॉलीला बहुतेक नसतोच. म्हणजे उतारावर आपण ट्रॉली ओढत नसतो, ट्रॉली आपल्याला ढकलत असते. नुसत्या ब्रेकवर ती थांबत नाही. लायनर तापतात आणि ट्रॉली आडवी येते.

थांबवतं ते इंजिन. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, रेस सोडायची, क्लचवर पाय ठेवायचा नाही. ज्या गिअरमध्ये भरला ट्रॅक्टर चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. उतारात गिअर बदलू म्हणाल, तर आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांत एकदा निघालेला गिअर वेगात परत पडत नाही, नुसता खरखरतो. आरपीएमचा काटा वर पळायला लागला, तर थोडा ब्रेक मारून तो खाली आणायचा आणि सोडायचा. सारखा दाबून धरायचा नाही.

पोरं न्यूट्रल का करतात? म्हणे डिझेल वाचतं. अहो, गिअरमध्ये रेस सोडून उतरताना पंप डिझेल जवळजवळ बंदच करतो. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं! वाचत काहीच नाही. मागच्या हंगामात ओढ्याच्या उतारावर एक पोरगं असंच न्यूट्रलमध्ये आलं. ट्रॉलीनं ट्रॅक्टर दुमडला. पोरगं वाचलं, पाय गेला. एकोणीस वर्षांचं.

विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर लिहिलेलं सूत्र आठवतंय का? वजन दुप्पट तर ऊर्जा दुप्पट, पण वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. सर, परीक्षेत ते मी लिहिलं होतं. समजलं मात्र भरल्या ट्रॉलीपुढं बसल्यावर.

चढाचं थोडक्यात. पायथ्यालाच गिअर ठरवायचा, इंजिन दीड हजाराच्या आसपास फिरत ठेवायचं. काळा धूर आणि घरघर म्हणजे गिअर जड पडला. आणि ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडायची, वर जोडली की पुढची चाकं उचलतात.

आणखी एक. डावा-उजवा ब्रेक शेतात वेगळा वापरतो, रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल जोडणारी कडी लावलेलीच हवी. ती कुणी बघतच नाही. माझा ट्रॅक्टर मैदानाच्या कडेला उभा आहे. ज्यांची पोरं यंदा ऊस ओढणार आहेत, त्यांनी जेवणानंतर त्यांना घेऊन या, कडी दाखवतो.