मास्तरचा पगार आणि आपला भाव
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत शिक्षकांच्या मागण्यांना पाठिंबा देण्याचा ठराव आला, तेव्हा मागून आवाज आला, "मास्तरला पगार, भत्ता, सुट्टी सगळे आहे. आधी आमच्या भाताचे बोला!" टाळ्या पडल्या, ठराव बाजूला पडला. मीही तेव्हा गप्प बसलो. आज त्याच आवाजाला उत्तर द्यायला उभा आहे.

तो आवाज खोटा नव्हता. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे जिल्हा परिषदेच्या कायम प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतनच २९,२०० रुपयांपासून सुरू होते. वर महागाई भत्ता वेगळा. साध्या भाताचा हमीभाव २०२५-२६ साली क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे त्या एका महिन्याच्या मूळ वेतनाला बारा क्विंटलांहून जास्त भात घालावे लागते. आपल्या खारपट्ट्यात एकराला तेवढे उतरेलच असे नाही. आणि उतरले तरी ते वर्षातून एकदा, त्यातून बी, खत, लावणीची मजुरी वजा जायची.

पण या हिशेबातून काय निघते? आपला भाव कमी आहे, एवढेच निघते. मास्तरचा पगार जास्त आहे, हे त्यातून निघत नाही. उत्पादन खर्च धरून भाव द्या, असे आपण म्हणतो तेव्हा घर चालवून माणसासारखे जगता येईल असे मोल मागतो. तेच मोल दुसऱ्याला मिळाले म्हणून आपल्या पोटात का दुखावे?

आणि मास्तर म्हणजे कोणता मास्तर? सरकारने २००० साली 'शिक्षण सेवक' नावाची जात तयार केली. पहिली तीन वर्षे पगार नाही, मानधन. प्राथमिकला महिना ३,०००, माध्यमिकला ४,०००. पुढे प्राथमिकचे ६,००० झाले, आणि १ जानेवारी २०२३ पासून १६,०००. त्याच वर्षी जुलैत सरकारने रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक घ्यायचे ठरवले, त्यांना २०,०००. पेन्शन घेणाऱ्याला वीस आणि नव्याने घर मांडणाऱ्याला सोळा! वर्ग तोच, फळा तोच, पोरे तीच.

आमच्या किनाऱ्यावरच्या एका गावात अशी एक मुलगी लातूरकडून आली. शेतकऱ्याचीच मुलगी, डी.एड. झालेली. अलिबागच्या आजूबाजूला बंगलेवाल्यांमुळे खोल्यांची भाडी काय झाली आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. खोली आणि एस.टी. यांत निम्मे मानधन जाते. घरी पैसे पाठवायचे राहिले, सणाला ती बापाकडून पैसे मागवते. म्हणजे आपल्या गावची शाळा लातूरचा एक कोरडवाहू शेतकरी चालवतो आहे.

तिचे काम मी पाहिले आहे. दिवाळी झाली की आपल्याकडची कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर निघतात, पोरे बरोबर जातात. ही बाई निघण्याआधी वाडीवर जाते, आजी मागे राहणार आहे का विचारते, पोर ठेवून घ्यायला सांगते. चार राहतात, सहा जातात. गेलेली पावसाच्या तोंडाला परत येतात ती अक्षरे विसरून, मग पुन्हा पहिल्यापासून. वर कार्यालयात फक्त पट दिसतो. पट कमी म्हणजे काम कमी, असा साहेबांचा समज. खारीच्या शेतात पीक कमी येते म्हणून तिथे मेहनत कमी लागते, असे कोणी तुम्हाला म्हटले तर तुम्ही त्याला बांधावर उभे कराल की नाही? शिवाय मतदार याद्या आहेत, पोषण आहाराचा हिशेब आहे. (तो आहार शिजवणाऱ्या आपल्याच गावच्या बाईचे मानधन तर २०२३ च्या वाढीनंतरही महिना २,५००. त्यावर वेगळी बैठक घ्यावी लागेल.)

विनाअनुदानित हायस्कुलातल्यांची गत याहून वाईट. तिथे पगार संस्थाचालकाच्या मर्जीवर. २००१ साली सरकारने नव्या शाळांच्या कपाळी 'कायम विनाअनुदानित' लिहिले, २००९ साली 'कायम' पुसले, पण अनुदानाचे टप्पे मागत ती माणसे आझाद मैदानात बसतच राहिली.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हाच विषय मांडला होता. गावच्या मास्तरला महिना बारा रुपयांपेक्षा कमी देऊ नये, मोठ्या गावी पंधरा-वीस द्यावेत, आणि मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे त्यांना रयतेच्या गरजा कळतील. कष्टकऱ्यांचा पैसा सरकारात जातो आणि शाळा मात्र वरच्यांच्या होतात, ही त्यांची तक्रार होती. मास्तरचा पगार हा तेव्हापासून शेतकऱ्याचा प्रश्न आहे.

काही मास्तर शाळा सोडून विम्याची आणि जमिनीची दलाली करतात. आपल्या किनाऱ्यावर तर जमिनीचीच जास्त. त्यांची तक्रार गावाने जरूर करावी, नावानिशी करावी. पण त्यांच्यापायी त्या लातूरच्या मुलीला सोळा हजारांत ठेवणे हा कुठला न्याय?

तेव्हा बाजूला पडलेला ठराव मी दुरुस्त करून पुन्हा मांडतो. शिक्षण सेवक पद्धत बंद करून पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन द्यावे. कातकरी वाड्यांच्या शाळांत नुसता पट बघून जागा कमी करू नये. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येकाने आपल्या शाळेत मंजूर जागा किती, भरलेल्या किती आणि मानधनावर किती, हे विचारून लेखी घ्यावे आणि पुढच्या बैठकीला ते कागद आणावेत. भाताच्या भावाचा ठराव याच बैठकीत याच्यानंतर आहे, तोही मीच मांडणार आहे.