हिरणच्या काठाने : सोमनाथ ते गीर

(सहलीला निघणाऱ्या कुटुंबांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दिवाळीची सुटी लागली की महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे सौराष्ट्राची वाट धरतात. वेरावळला उतरायचे, सोमनाथाचे दर्शन घ्यायचे, दुसऱ्या दिवशी सासणला सिंह पाहायचा आणि द्वारकेकडे निघायचे, हा ठरून गेलेला क्रम. त्यात मंदिर आणि अरण्य ही दोन वेगळी स्थळे असतात. प्रत्यक्षात एकच नदी त्यांना जोडते. गीरच्या डोंगरात उगम पावणारी हिरण सासणजवळून वाहत येते आणि प्रभास पाटणला कपिला व सरस्वती यांच्यासह त्रिवेणी संगमावर सिंधुसागराला मिळते. ज्या प्रवाहावर वनराज तहान भागवतो, त्याच प्रवाहाच्या मुखाशी यात्रेकरू स्नान करतो. एवढे ध्यानी ठेवून जो निघेल, त्याची सहल ही यात्रा होईल.

प्रभासचा इतिहास प्रत्येक घरात सांगितला जावा असा आहे. इ. स. १०२६ च्या प्रारंभी गझनीच्या महमुदाने सोमनाथ लुटले. पुढेही मंदिर पुनःपुन्हा भंगले आणि समाजाने ते पुनःपुन्हा उभारले. १७८३ मध्ये पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी भग्न मंदिरापासून थोड्या अंतरावर नवे मंदिर बांधले. तेथील मुख्य पिंडी तळघरात आहे. सौराष्ट्रात देवाची पूजा अखंड चालावी, ही चिंता माळव्यातील एका राज्यकर्त्या स्त्रीने वाहिली. आज मुख्य मंदिराच्या भव्यतेने भारावलेले अनेक मराठी पर्यटक या मंदिराकडे न वळताच परततात, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

१३ नोव्हेंबर १९४७ रोजी, जुनागढ भारताच्या ताब्यात आल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, सरदार वल्लभभाई पटेल प्रभासला आले. त्यांच्यासोबत महाराष्ट्राचे काकासाहेब गाडगीळ होते. त्याच समुद्रकिनारी पुनर्निर्माणाचा संकल्प झाला. सरदारांच्या निधनानंतर कन्हैयालाल मुन्शी यांनी ते कार्य तडीस नेले आणि ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा झाली. स्थपती प्रभाशंकर सोमपुरा यांनी उभारलेले हे मंदिर पाहताना मुलांना शिखराच्या उंचीबरोबर या संकल्पाची उंचीही सांगितली पाहिजे.

वेरावळ आणि प्रभास यांच्या दरम्यान भालका तीर्थ आहे. वृक्षाखाली विश्रांती घेणाऱ्या श्रीकृष्णाच्या पावलाला हरिण समजून जरा नावाच्या व्याधाने येथेच बाण मारला, अशी परंपरा आहे. भगवंतांनी त्या व्याधाला क्षमा केली. ज्या भूमीत अवताराची समाप्ती एका शिकाऱ्याच्या बाणाने झाली, त्या भूमीने प्राण्यांविषयी काय शिकवावे? याचे उत्तर वेरावळच्या बंदरातच सापडते.

पृथ्वीवरील सर्वांत मोठा मासा म्हणजे देवमुशी. लांबीला एखाद्या बसएवढा भरणारा हा जीव स्वभावाने निरुपद्रवी असतो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पूर्वी यकृताच्या तेलासाठी आणि मांसाच्या निर्यातीसाठी त्याची सर्रास हत्या होई. २००१ मध्ये कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. परंतु खोल समुद्रात कायदा पाहायला कोण जाणार? २००४ मध्ये वन विभाग आणि वन्यजीव क्षेत्रातील कार्यकर्त्यांनी मोरारीबापूंना साकडे घातले. बापूंनी मच्छीमारांना कळेल अशा भाषेत सांगितले की, हा मासा म्हणजे माहेरपणाला आलेली लेक आहे. तिचे नाव पडले 'व्हाली', म्हणजे लाडकी. लेकीला माहेरी कोण मारील? तेव्हापासून वेरावळ आणि आसपासच्या मच्छीमारांनी महागडी जाळी स्वतःच्या हाताने कापून शेकडो देवमुशी समुद्रात परत सोडल्या. फाटलेल्या जाळ्याची भरपाई शासन देते, हे खरे. पण लाटांवर हेलकावणाऱ्या होडीत सुरी चालविण्याचा निर्णय त्या मच्छीमाराचाच असतो. संस्काराने कायद्याला बळ दिले, असे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच आढळेल.

हिरणच्या वरच्या अंगाला गीरचे अरण्य आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आशियाई सिंह नामशेष होण्याच्या काठावर होता. जुनागढच्या नवाबांनी शिकारीवर घातलेल्या निर्बंधांमुळे तो तगला, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. १९६५ मध्ये गीर अभयारण्य झाले. १९६८ च्या गणनेत १७७ सिंह होते, २०२० मध्ये ६७४ आणि मे २०२५ च्या गणनेत ८९१. आता निम्म्याहून अधिक सिंह संरक्षित क्षेत्राबाहेर, शेतशिवारात आणि थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत वावरतात. मालधारी पशुपालकाची म्हैस सिंहाने मारली, तर नुकसान त्या घराचे होते. तरीही त्याचा सिंहावरचा लोभ सुटत नाही. सरकारी भरपाई मिळते. पण ही सोशिकता पैशाने विकत घेता येत नाही.

पर्यटक या तपश्चर्येत काय भर घालतो? काही ठिकाणी पैशाच्या लोभाने रात्री जनावर बांधून सिंह 'दाखविण्याचे' बेकायदा प्रकार घडले आहेत. ते दाखविणारा दोषी आहेच, पण मागणी करणारा सुशिक्षित पर्यटकही तितकाच दोषी आहे. २०१८ च्या शरदात रोगाच्या साथीने गीरच्या पूर्व भागात वीसहून अधिक सिंह मेले. एकाच प्रदेशात उरलेला प्राणी किती नाजूक असतो, हे त्या वेळी सर्वांना उमगले.

म्हणून कुटुंबाने काही नियम स्वतःच घालून घ्यावेत. १६ जून ते १५ ऑक्टोबर अभयारण्य बंद असते. त्या काळात मागच्या दाराने वाट शोधू नये. परवाना अधिकृत मार्गानेच काढावा. सिंह दिसला नाही, तर वाटाड्याशी हुज्जत घालू नये. तो देवळिया येथील कुंपणाच्या परिसरातही पाहता येतो. अरण्यात चितळ, सांबर आणि कमलेश्वर जलाशयातील मगरीही आहेत, हे मुलांना आधी सांगून ठेवावे. संगमावर निर्माल्य आणि प्लास्टिक टाकू नये. सोमनाथासाठी एक दिवस आणि गीरसाठी एक दिवस पूर्ण द्यावा. घाईत दर्शन घडते, पण ओळख होत नाही.

अहिल्याबाईंनी मंदिर बांधले, सरदारांनी संकल्प केला, मच्छीमाराने जाळे कापले, मालधाऱ्याने म्हैस गमावली. या सर्वांनी काहीतरी दिले, म्हणून आज पाहण्यासारखे काही उरले आहे. तेथे जाणाऱ्याकडे देण्याजोगे फारसे नसले, तरी संयम निश्चित आहे. सायंआरतीनंतर संगमावर उभे राहून हिरणचे पाणी समुद्रात मिसळताना घरातील लहानांना दाखवावे आणि हे पाणी कोठून आले, ते सांगावे. पुढील पिढीलाही त्या पाण्याच्या उगमाशी सिंह भेटावा, एवढ्यासाठी ही यात्रा आहे.