गडावर पायी जाताना पिशवीत काय घ्यावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



यंदाच्या चैत्रात आपल्या मंडळातल्या दहा-बाराजणी सप्तशृंगी गडावर पायी निघणार आहेत. मी ती वाट सहा वेळा चालले आहे, म्हणून बोलायचे काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुस्तकातले मला सांगता येणार नाही. पायांनी जे शिकवले तेवढे सांगते.

रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत गडावर यात्रा असते. धुळ्याहून मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी अशी ही वाट सव्वाशे किलोमीटरच्या वर भरते. चार-पाच दिवस लागतात. जळगावकडची मंडळी एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला येतात, त्यांना आठवडा हवा. शेवटी नांदुरीपासून दहा किलोमीटरचा घाट आणि वर पायऱ्या. २०१८ पासून पायऱ्यांऐवजी ट्रॉलीही आहे. गुडघे दुखत असतील तिने खुशाल ट्रॉलीने जावे. देवी काही रागावत नाही.

आता सामान. दिंडीबरोबर टेम्पो असतो म्हणून आपण सगळे त्यात टाकतो आणि हात हलवीत निघतो. पण टेम्पो मुक्कामाला पुढे निघून जातो, आणि भर दुपारी माळावर आपण असतो. म्हणून दोन पिशव्या करा. गोधडी, दोन सुती लुगडी, टॉवेल, ताट-पेला टेम्पोत. जिच्यावाचून जीव अडेल ती वस्तू खांद्यावर. खांद्यावरची पिशवी पाण्यासकट तीन किलोच्या वर नको.

त्या पिशवीत पहिले पाणी. आखाजी यायच्या आधीच आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. दोन लिटर पाणी जवळ असावे, आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट प्यावे. कित्येकजणी आडोसा मिळणार नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. भगिनींनो, हे फार घातक आहे. दोघी-तिघींनी मिळून एक जुनी चादर घ्यावी. ती धरली की कुठेही आडोसा होतो. मीठ-साखरेच्या पुड्या घरीच बांधून न्या: एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. पदरात कांदा बांधला म्हणजे ऊन लागत नाही, असे समजून पाणी सोडू नका. कांदा भाकरीबरोबर खा. अकरा ते चार सावलीत बसा.

दुसरे औषध. घरातल्या प्रत्येकाची गोळी आपल्याला पाठ असते, आणि स्वतःची तेवढी कपाटावर राहते. बी.पी., साखर यांच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. महिन्याची अडचण केव्हाही येते, तेव्हा त्याची सोयही लाजू नका, जवळ ठेवा. एका चिठ्ठीवर नाव, आजार, गोळीचे नाव आणि घरचा फोन नंबर लिहून पोलक्याच्या खिशात ठेवा.

तिसरे पाय. नवी चप्पल वाटेवर काढू नये. जी घालायची ती पंधरा दिवस आधी घरात वापरा. सुती मोजे दोन जोड, खोबरेल तेल, स्वच्छ पट्टी. फोड आला तर सुईने फोडू नका, पट्टी बांधा.

खायला दुधात भिजवलेल्या दशम्या पहिल्या दिवसाला पुरतात. पुढे शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-दाणे, बिबड्या, रव्याचे लाडू. ओले खोबरे, दही उन्हात टिकत नाही.

पहाटे अंधारात हमरस्त्याने चालावे लागते. म्हणून विजेरी हवी, अंगावर पांढरे किंवा चमकणाऱ्या पट्टीचे कापड हवे. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, एकामागे एक चाला. भजन म्हणा, पण घोळका करून रस्ता अडवू नका.

एक फार महत्त्वाचे. सोबतीण असंबद्ध बोलू लागली, अंग तापले, झोक जाऊ लागला, तर 'देवीचे वारे आले' म्हणून हात जोडून उभ्या राहू नका. तिला सावलीत निजवा, मानेला व काखेत ओले फडके ठेवा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. श्रद्धा आहे म्हणूनच आपण निघतो. पण निघालेली प्रत्येकजण घरी परत आली पाहिजे.

दागिने घरी ठेवा. पैसे दोन ठिकाणी ठेवा.

जाणाऱ्या बायांनी येत्या रविवारी आपापली भरलेली पिशवी घेऊन मंडळात यावे. तराजू मी आणते. जास्तीचे तिथेच काढू, राहिलेले तिथेच घालू.