आगीच्या बंबावरच्या भावांचा सत्कार

(धामणगाव बढे येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आज सभेत बचत, कर्जवसुली आणि सीआरपी ताईंचा अहवाल एवढंच होतं. त्यात हा आगीचा विषय कुठून आला, असं तुम्ही म्हणाल. तो कर्जवसुलीतूनच आला.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या एका समूहातल्या ताईंचा गोठा जळाला. समूहाच्या कर्जातून घेतलेल्या चार शेळ्या, कुटार, पऱ्हाटीचा ढीग, सगळं गेलं. हप्ता तेवढा राहिला. बंब पोहोचला तेव्हा राख धुमसत होती. लोकांनी बंबाच्या ड्रायव्हरलाच घेरलं. "आता काऊन आले? राख पाहाले?" असं बोलले. तो पोरगा काही न बोलता पाईप गुंडाळत राहिला.

नंतर मी घरोघर विचारून हिशेब लावला. पहिला फोन पुण्याच्या मुलाला, दुसरा पाहुण्यांना, तिसरा सरपंचांना. बंबासाठी फोन झाला पाऊण तासानं. त्यात गावात शिरायच्या रस्त्यावर एक ट्रॅक्टर आडवा उभा. बंब काही आपल्या खेड्यात उभा नसतो. तो तालुक्याहून, नाहीतर मलकापूर-बुलढाण्याच्या बाजूनं यायचा. मग उशीर कुणी केला, तुम्हीच सांगा.

14 एप्रिलपासून 20 एप्रिलपर्यंत देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. कापूस कसा जळतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको, तो आतल्या आत धुमसतो. जवान पाणी मारत असतानाच स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण त्यात गेले. पुढे 2015 च्या मे महिन्यात काळबादेवीच्या आगीनंतर त्याच दलाचे चार अधिकारी गेले, त्यात दलाचे प्रमुख सुनील नेसरीकरही होते. मोठी माणसं मागे थांबून हुकूम देतात असं आपण समजतो. इथं प्रमुखच आत गेले होते.

आणि हे फक्त पुरुषांचं काम आहे असंही नाही. आपल्या विदर्भातल्याच हर्षिनी कान्हेकर यांनी 2002 मध्ये नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्याआधी तिथं एकही मुलगी नव्हती. आपल्या बारावीच्या पोरींना हे सांगा.

पण जवान कितीही शूर असला, तरी पहिली दहा मिनिटं त्याच्या हातात नसतात. 1 जुलै 2023 ला आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ, समृद्धी महामार्गावर बस पेटली आणि 25 माणसं गेली. मध्यरात्र उलटून गेली होती, बहुतेक झोपेत होती. बाहेर पडायला वेळच मिळाला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ, पण बंबावरच्या भावांना ग्रामसंघात बोलावून त्यांच्याकडून शिकूनही घेऊ. पेटलेल्या सिलिंडरवर ओलं पोतं कसं टाकायचं, हे त्यांनी समोर करून दाखवलं की भीती जाते. कढईतलं तेल पेटलं तर पाणी टाकायचं नाही, झाकण ठेवून गॅस बंद करायचा. गॅसचा वास आला तर लाइटचं बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही, दारं-खिडक्या उघडून बाहेर यायचं आणि 1906 ला फोन करायचा. हे मी दहादा सांगितलं तरी तुम्ही माना डोलावता आणि घरी जाऊन विसरता. खरं आहे ना? वर्दीतल्या माणसानं सांगितलेलं लक्षात राहतं.

कुटार आणि कडब्याची गंजी लाइटच्या तारेखाली नको, घराला खेटूनही नको. घरात कापूस भरला असेल तर त्या खोलीत चूल नको, बिडीही नको. बिडीचं घरातल्या मालकांना तुम्हीच सांगायचं, मी नाही येणार. आणि उन्हाळ्यात धुरे पेटवणं बंद. वारा सुटला की शेजाऱ्याची गंजी जाते, मग वर्षानुवर्षं भांडण.

101 आणि 112 सगळ्यांना पाठ हवेच. पण जवळच्या दलाचा थेट नंबर ग्रामसंघाच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहा. फोन कोण करणार आणि फाट्यावर उभं राहून रस्ता कोण दाखवणार, या दोन ताईंची नावं रजिस्टरला टाका.

14 तारखेला भीमजयंती असते, सगळं गाव मिरवणुकीत असतं. म्हणून कार्यक्रम 17 किंवा 18 ला घेऊ. दलाला आठवडाभर आधी विचारावं लागेल. त्यांची ड्युटी असते, आणि कार्यक्रम चालू असतानाच कुठून फोन आला तर ते निघून जातील. तेव्हा कुणी रुसायचं नाही.

श्रीफळ कुणाच्या हातून द्यायचं, हे मी गोठा जळालेल्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी देतो ना. त्या पोराले त्या दिशी मीबी लय बोलली व्हती."