पहिला फोन



परिषदेच्या अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. आज ती बाजूला ठेवून एकाच प्रसंगाबद्दल बोलतो. घरून काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये मालवेअर शिरल्याचा संशय आहे आणि आपण शेकडो किलोमीटर दूर बसलो आहोत. अशा वेळी काय करायचं?

2020 नंतर हिंजवडीची, ऐरोलीची कितीतरी कामं लातूर, सातारा, कणकवलीच्या घरांत गेली. समजा, अशाच एका घरात हिशेब विभागातली सहकारी बसली आहे. एका वेबसाइटवर ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ अशी चौकट येते. खाली सूचना: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. ती दाबते. एक काळी खिडकी क्षणभर उघडते आणि मिटते. पुढे सगळं पूर्वीसारखं चालतं, फक्त मनात पाल चुकचुकते.

2024 पासून ही फसवणूक फार फोफावली आहे. वेबसाइट क्लिपबोर्डवर गुपचूप एक कमांड ठेवते आणि वापरणाऱ्याच्याच हातून ती चालवून घेते. उतरलेला प्रोग्राम बहुतेकदा ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकी उचलतो. हे काम काही मिनिटांत उरकतं.

आता ती आपल्याला फोन करते का? माझ्या मते सगळी तटबंदी या एका प्रश्नावर उभी आहे. मागच्या वेळी कुणीतरी फोन केला, तेव्हा पहिला प्रश्न आला होता, ‘क्लिक केलंच कशाला?’ त्यानंतर मेमो. हे तिने पाहिलेलं असेल, तर ती गप्प बसेल किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून लॅपटॉपला फॉरमॅट मारून आणेल. फॉरमॅट मारला की पुरावा गेला. चोरलेल्या कुकी मात्र चोराकडे तशाच शाबूत.

फोन आला, तर हेल्पडेस्कवरच्या मुलाने म्हणावं, ‘मॅडम, लगेच कळवलंत ते फार बरं केलंत. लॅपटॉप बंद करू नका, रीस्टार्ट करू नका.’ कारण मेमरीत चालू असलेल्या प्रोग्रामच्या खुणा वीज गेली की पुसल्या जातात. अपवाद एकच: फाइली डोळ्यांदेखत एन्क्रिप्ट होत आहेत आणि नेटवर्क काही केल्या तोडता येत नाही, तेव्हा सरळ बंद करावा.

इथे आपले लोक घाईत एक पायरी चुकतात. लॅपटॉपवर ईडीआर, म्हणजे दूरून नजर ठेवता येणारं सुरक्षा सॉफ्टवेअर असेल, तर कन्सोलवरून त्याला आयसोलेट करा. मग त्या मशीनचा फक्त ईडीआरच्या सर्व्हरशी संबंध राहतो, बाकी सगळं जग तुटतं आणि तपास दूर बसून चालू ठेवता येतो. आधीच वाय-फाय बंद करायला सांगितलं, तर आयसोलेशनची कमांडच पोहोचत नाही आणि आपणही आंधळे होतो. मात्र ईडीआर नसेल किंवा मशीन दोन-चार मिनिटांत प्रतिसाद देत नसेल, तर वाट पाहू नका. वाय-फाय, व्हीपीएन, मोबाइलचा हॉटस्पॉट, सगळं तोडा. आणि हे बोलणं फोनवरच करा, नोंदीतल्या नंबरवर उलटा फोन लावून. तिचा मेल आणि चॅट या घडीला दुसरं कुणी वाचत असेल.

लॅपटॉप तोडून काम अर्धंच होतं. सर्कलसीआय या अमेरिकी कंपनीचं उदाहरण प्रत्येकाने अभ्यासावं. 16 डिसेंबर 2022 रोजी तिच्या एका अभियंत्याच्या लॅपटॉपमध्ये मालवेअर शिरलं. अँटिव्हायरसला ते दिसलं नाही. टू-फॅक्टर पार करून आधीच लॉगिन झालेलं सेशनच चोरांनी उचललं आणि दुसऱ्या ठिकाणाहून ते त्या अभियंत्याच्या नावाने वावरले. 22 डिसेंबरला डेटा बाहेर गेला. कंपनीला चाहूल लागली 29 डिसेंबरला, तीही एका ग्राहकाने कळवल्यामुळे. 4 जानेवारीला सगळ्या ग्राहकांना आपापल्या की आणि टोकन बदलायला सांगावं लागलं.

म्हणून लॅपटॉप आयसोलेट होत असतानाच दुसऱ्या सहकाऱ्याने तिची सगळी सेशन रद्द करावीत. पासवर्ड बदलायचा तो दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. एपीआय की, एसएसएच की, मेल परस्पर पुढे पाठवणारे नियम, नव्याने परवानगी मिळालेली ॲप, हे सगळं तपासावं. आणि तिच्या स्वतःच्या बँकेचा पासवर्ड त्याच ब्राउझरमध्ये असेल, तर तोही बदलायला सांगावं. पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगावं. कंपनीचा डेटा वाचवताना तिची पुंजी विसरणं मला मान्य नाही.

कायद्याची घाईही आपल्याला आहेच. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात. दूरच्या लॅपटॉपचे लॉग त्या लॅपटॉपवरच पडून असतील, तर एका फॉरमॅटमध्ये ते संपतात. ते मध्यवर्ती ठिकाणी रोज जमा व्हायला हवेत.

सर्कलसीआयचे तंत्रप्रमुख रॉब झुबर यांनी जानेवारी 2023 च्या अहवालात एक गोष्ट स्पष्ट मांडली: एका कर्मचाऱ्याचा लॅपटॉप फोडला गेला, तरी अशी घटना हे व्यवस्थेचं अपयश असतं. आपल्याकडचे किती वरिष्ठ असं लेखी म्हणतील? मुद्दाम केलेल्या गैरप्रकाराला शिक्षा व्हावीच. पण फसल्याची आणि स्वतःहून कळवल्याची शिक्षा देणारी कंपनी चोराला वेळ मिळवून देते, असं माझं ठाम मत आहे.

या परिषदेत उद्या ठराव मांडले जातील. माझी विनंती आहे की त्यात एक ठराव असा असावा: मालवेअरचा संशय स्वतःहून कळवणाऱ्या कर्मचाऱ्यावर त्या कारणासाठी कारवाई होणार नाही, हे प्रत्येक संस्थेने लेखी द्यावं आणि हेल्पडेस्कचा फोन नंबर प्रत्येक लॅपटॉपवर चिकटवावा. आपापल्या कंपनीत परतल्यावर तो ठराव व्यवस्थापनापुढे ठेवा आणि मंजूर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.